समुद्रपंख्याला बिलगलेला तारा

खारघरला ताईच्या नव्या घराची वास्तुशांत होती. लिफ्टचं दार उघडलं तेव्हाच होमाच्या धुराचा आणि तुपाचा वास अंगावर आला. दाराबाहेर चपलांचा ढीग, आतून गुरुजींचा खणखणीत आवाज, आणि चप्पल काढून मान वर केली की थेट नजरेसमोर येईल अशा उंचीवर एक फ्रेम. लाल मखमलीचं अस्तर, सोनेरी कडा, काचेमागे एक काळी पसरट जाळी. खाली जाडसर देठ, त्यातून फुटलेल्या फांद्या, फांद्यांतून काड्या, काड्या पुन्हा एकमेकींत गुंतलेल्या. ताई मागून आली. "इंद्रजाल आहे," माझ्या हातातली पिशवी घेत ती म्हणाली, "समुद्राच्या तळाशी उगवते ही वनस्पती. दारात लावली की घराला नजर लागत नाही." मी मान हलवली, कारण आतून बोलावणं येत होतं आणि ताईच्या चेहऱ्यावर खूप काळानं असा निवांतपणा दिसत होता. पण आत जाताजाता माझी नजर त्या जाळीच्या डाव्या कोपऱ्यात अडकली. तिथल्या एका बारीक काडीवर गाठ होती, आणि त्या गाठीला हात होते.

जेवणं आटोपल्यावर, आहेरांच्या गडबडीत, मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. परतताना ठाणे लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली तेव्हा तो बोटांनी मोठा करून पाहायला लागले. मधे चार-एक मिलिमीटरची चकती. तिच्यातून निघालेले सहा बाहू, प्रत्येकाचे काडीभोवती दोन-तीन वेढे, वेढ्यांवर बारीक काटे. तीन बाहू लांब, तीन आखूड. वाळून सगळ्याचा रंग मातकट झालेला, पण घडण जशीच्या तशी. नेरूळ गेलं, तुर्भे गेलं, ऐरोलीला खाडीचा ओळखीचा खारट-कुजकट वास डब्यात शिरला, तरी मी त्या फोटोतच होते.

सहाही बाहू शाबूत होते.

एवढ्याच गोष्टीनं माझी झोप का उडावी, हे ज्यांनी कधी भंगुरतारा हाताळलेला नाही त्यांना सांगायला हवं. ती गाठ म्हणजे भंगुरतारा, तारामाशाचा नातेवाईक. ब्रिटल स्टार या नावानं तो पाठ्यपुस्तकात भेटतो, आणि मला तो प्रथम भेटला ठाण्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. कपाटात ओळीनं काचेच्या बरण्या होत्या. तारामासा, समुद्रकाकडी, सागरी साळींदर, आणि त्यांच्या शेवटी हा. पिवळट पडलेलं फॉर्मॅलिन, बरणीवर शाईनं लिहिलेली चिठ्ठी, झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी आणणारा वास. परीक्षेत 'स्पॉट' म्हणून ठेवला की तो ओळखायला सगळ्यात सोपा, कारण बरणीच्या तळाशी नेहमी तुटके बाहू पडलेले असायचे. कुणी गोळा करताना तुटलेले, कुणी बरणीत घालताना. चकती एकीकडे, हात दुसरीकडे. आमच्यापैकी एकीनंही पुऱ्या पाच हातांचा भंगुरतारा पाहिला नव्हता. वहीत आकृती काढताना मात्र पाचही हात रेखीव काढायचो.

त्याचं तुटणं हे दुबळेपण नाही, हे पुढे वाचताना कळलं. तो स्वतः तोडतो. बाहूच्या सांध्यांना धरून ठेवणारी ऊती मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर काही क्षणांत घट्टाची मऊ होऊ शकते. माशानं हात पकडला की नेमक्या जागी ती ऊती सैल पडते, हात सुटतो, आणि सुटलेला हात बराच वेळ वळवळत राहतो. मासा त्या वळवळीत गुंततो आणि उरलेला जीव दगडाच्या फटीत पसार होतो. मग काही आठवड्यांत, काही महिन्यांत नवा हात येतो. ज्याला मेंदू नाही त्याला हे जमतं. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि प्रत्येक बाहूत एक दोर, इतकीच त्याची यंत्रणा. तोंडाला पाच जबडे, आणि बाहेर टाकायचं तेही त्याच वाटेनं. त्याला पुढची-मागची बाजू नसते. २०१२ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातून त्याच्या चालण्यावर एक अभ्यास आला. एक बाहू पुढे धरायचा, बाजूचे दोन वल्ह्यांगत मारायचे, आणि वळायचं झालं तर अंग न वळवता दुसऱ्याच बाहूला पुढचा नेमायचा, अशी त्याची चाल असते. अशा दोन हजारांहून अधिक जाती आज समुद्रात आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांचे जीवाश्म जवळपास ४८ कोटी वर्षं जुन्या खडकांत सापडतात. इतकी वर्षं जो निसटत निसटत टिकला, तो खारघरच्या एका भिंतीवर सहाच्या सहा हातांनी एका काडीला धरून वाळून गेला होता.

का सोडलं नाही त्यानं? हा प्रश्न मला त्या रात्रीपासून आहे.

आधी त्या काडीबद्दल. इंद्रजाल म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा समुद्रपंखा असतो, कधी काळं प्रवाळ. दोन्ही प्राणी. एकच एक प्राणी नव्हे, हजारो सूक्ष्म जीवांची वसाहत. समुद्रपंख्याच्या प्रत्येक जीवाला आठ स्पर्शिका, त्या पिसासारख्या कातरलेल्या, आणि सगळ्यांनी मिळून बांधलेला एक लवचीक सांगाडा. पंखा प्रवाहाला आडवा उभा राहतो, म्हणजे वाहत येणारं अन्न प्रत्येकाच्या तोंडाशी येतं. पाण्यात तो पिवळा, केशरी, लाल, जांभळा असतो. पाण्याबाहेर काढून वाळवला की वरचं जिवंत साल भुकटी होऊन गळतं आणि आतला काळसर कणा उरतो. आपण पाहतो ती जाळी म्हणजे हा कणा. तो वाढतो अतिशय सावकाश, वर्षाला फार तर काही सेंटीमीटर. ताईच्या भिंतीवरचा पंखा हातभर रुंद होता. काळ्या प्रवाळांचं आयुष्य तर आपल्या हिशेबात बसत नाही. हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय चार हजार वर्षांहून अधिक निघालं आहे. २००१ पासून समुद्रपंखे, काळी प्रवाळं आणि दगडी प्रवाळं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. वाघाचं कातडं दाराशी लावायचं कुणाच्या मनात येणार नाही; याला मात्र हळदकुंकू वाहिलं जातं, कारण हे झाड आहे असंच सगळ्यांना सांगितलेलं असतं.

आणि या पंख्यावर भंगुरतारा राहतो. दगडाखाली, वाळूत, चिखलात राहणाऱ्या त्याच्या भाईबंदांपेक्षा याचं बिऱ्हाड वेगळं. तळाजवळ प्रवाह मंद असतो. पंख्याच्या शेंड्यावर तो जोरात असतो, म्हणून तिथे पोटाला जास्त मिळतं. प्रवाळाच्या डंख मारणाऱ्या पेशींमुळे मासेही जरा बिचकून असतात. दिवसा तो फांदीला घट्ट वेढे घालून बसतो, इतके घट्ट की पाणबुड्यांनाही तो फांदीचाच भाग वाटतो. रात्र झाली की एखाद-दोन हात धरायला ठेवून बाकीचे पाण्यात पसरतो. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या खाड्यांमध्ये, फिओर्डलँडला, काळ्या प्रवाळावर असाच एक सापासारख्या लांब हातांचा तारा राहतो. त्याचा जन्मभराचा संसार त्या एका प्रवाळावर. तो रात्री फांद्यांवरून हात फिरवतो, तिथे बसलेला गाळ, चिकटलेले कण, प्रवाळाचा चिकट स्राव खातो, आणि त्यात प्रवाळाची सफाई होते. अटलांटिकच्या खोल समुद्री डोंगरांवरची जोडी मला त्याहून विलक्षण वाटते. तिथे मेटॅलोगॉर्जिया नावाचं प्रवाळ आहे, उंच दांड्यावर छत्री उघडल्यासारखं. त्याच्या प्रत्येक वसाहतीवर ऑफिओक्रियास जातीचा एक तारा सापडतो. एकच. लहान प्रवाळावर लहान तारा, मोठ्यावर मोठा, म्हाताऱ्यावर म्हातारा. अभ्यासकांनी माप घेऊन पाहिलं तेव्हा निष्कर्ष निघाला की दोघं बालपणीच एकत्र येतात आणि बरोबरच वाढतात. त्या अंधारात, जिथे दुसरं प्रवाळ कुठे असेल याचा पत्ता नाही, तिथे हा तारा आयुष्यात एकदाच जागा धरतो.

हे वाचताना मला मावशीची, म्हणजे ताईच्या आईची, ठाण्यातल्या चेंदणीतली चाळ आठवत राहिली. लाकडी जिना, सामाईक गॅलरी, पहाटे पाण्यासाठी लागणाऱ्या बादल्यांचा आवाज, पावसाळ्यात भिंतींना येणारा ओलसर वास. खाडीच्या बाजूनं वारा आला की सुकत घातलेल्या मासळीचाही. मावशी नवी नवरी म्हणून तिथे आली, ताई तिथेच जन्मली, माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या गॅलरीत गेल्या. पुनर्विकासाचे कागद फिरले तेव्हा सगळ्यांनी सह्या केल्या. मावशीनं शेवटी केली. खोल्या रिकाम्या झाल्या, आधी दोन वर्षांचं भाडं मिळालं, मग ते थकलं, मग काम थांबलं. पत्र्याच्या कुंपणाआड तो प्लॉट अजून तसाच आहे, आत रुईची झाडं वाढली आहेत. मावशी भाड्याच्या घरांमधून फिरत राहिली, प्रत्येक ठिकाणी जुन्या चाळीच्या दाराची कडी सोबत नेत. ती कडी तिनं चाळ पाडायच्या आदल्या दिवशी स्वतः स्क्रू काढून आणली होती. या सगळ्यात भावोजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. खारघरचं घर हे असं, कर्ज काढून, दागिने मोडून उभं राहिलेलं आहे. त्या घराच्या दारात कुणी काही लावलं तर त्यावर बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

ज्या वर्षी हा विषय माझ्या आयुष्यात आधी एकदा येऊन गेला ते २०१०. त्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. कंटेनर पाण्यात तरंगायला लागले, तेल सांडलं आणि भरतीबरोबर घारापुरीच्या, उरणच्या, वाशीच्या खारफुटीत शिरलं. तिवरांची श्वसनमुळं काळी पडलेली मी पामबीच रस्त्याकडच्या बाजूनं पाहिली होती. आठवडेच्या आठवडे लोकांनी मासळी घ्यायचं बंद केलं. दिवाळे गावच्या मासळीबाजारात एरवी पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा कोळणी मोकळ्या पाट्यांसमोर बसून होत्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचंही त्यांनी सोडलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल काढणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट होऊन तेल समुद्रात गेलं होतं. टीव्हीवर ते पाहताना ते फार दूरचं वाटलं होतं. त्या आखातात नोव्हेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी तळाशी यंत्र उतरवलं. त्या तेलविहिरीपासून ११ किलोमीटर दूर, सुमारे १,३७० मीटर खोल, त्यांना समुद्रपंख्यांच्या जातीची प्रवाळं दिसली. त्यांच्यावर तपकिरी, भुसभुशीत थर साचलेला, खालची ऊती मरत चाललेली, आणि फांद्यांना वेढे घालून बसलेले भंगुरतारे.

पुढची काही वर्षं तीच प्रवाळं पुन्हापुन्हा जाऊन फोटोत टिपली गेली, फांदी न् फांदी. २०१६ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. ताऱ्याच्या जवळच्या फांद्या दूरच्या फांद्यांपेक्षा कमी मेल्या होत्या, आणि लवकर सावरल्या होत्या. त्यानं बहुधा आपल्या आवाक्यातला तो थर झटकून टाकला होता, जसा तो एरवी गाळ झटकतो. त्याला तेलाचं काय कळणार. पण हात जिथवर पोचतात तिथवरचं प्रवाळ जगलं. मी हा भाग वाचला तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते, कुकरची शिट्टी होत होती, आणि माझे डोळे भरून आले. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या रिकाम्या पाट्यांसमोर बसलेल्या बायका एकदम डोळ्यांसमोर आल्या, त्यातली एक मोकळ्या पाटीवरही पाणी मारून ती धूत होती.

प्रश्नाकडे परत येते. मला वाटतं, भंगुरताऱ्याकडे संकटाची दोन उत्तरं आहेत. अंगाला धरलं तर हात सोडून पळ. आणि लाट आली, गाळ आला, काही कळेनासं झालं तर प्रवाळाला धरून राहा. कोट्यवधी वर्षांत ही दोन उत्तरं पुरली. प्रवाळच उपटून वर नेलं जाईल, पाणी संपेल, वर ऊन असेल, हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नव्हता. ट्रॉलच्या जाळ्यात किंवा पाणबुड्याच्या हातात तो पंखा वर आला असेल तेव्हा त्यानं दुसरं उत्तर निवडलं, वेढे आणखी आवळले, आणि होडीच्या फळीवर वाळला. हा माझा तर्क आहे. पण सहा शाबूत हातांचा दुसरा अर्थ मला लागत नाही.

सहा का, हेही सांगायचं राहिलं. भंगुरताऱ्यांना सहसा पाच हात. समुद्रपंख्यांवर आणि स्पंजांवर राहणारी ऑफिओथेला नावाची एक टिचभरही नसलेली मंडळी मात्र बहुधा सहा हातांची असतात, आणि त्याला कारण आहे. ती दुभंगतात. चकतीच्या मधोमध फट पडते, तीन हात एका बाजूला, तीन दुसऱ्या. दोन्ही अर्धुकं हळूहळू एकमेकांपासून ओढत दूर होतात आणि सुटतात. मग प्रत्येक अर्ध्याला उरलेली अर्धी चकती फुटते, नवे तीन हात फुटतात. म्हणून फोटोतल्या त्या जीवाचे तीन हात लांब होते आणि तीन आखूड. तो नुकताच एकाचा दोन झाला होता. त्याचा दुसरा अर्धा भाग त्याच पंख्यावर असणार, आणि फ्रेममध्ये तो नव्हता. मी फोटो इंच इंच तपासला. एका फांदीवर दोन-तीन मिलिमीटरचा फिकट ठसा आहे, बाकी काही नाही. या दुभंगण्यामुळे एकाच जिवापासून अख्खा पंखा भरून जातो. एका फांदीवर ते इतके दाटीनं बसतात की खालचं प्रवाळ दिसेनासं होतं. प्रशांत महासागरातली एक जात २००० सालच्या सुमाराला ब्राझीलच्या किनाऱ्यावर दिसली, तिथून दशकभरात कॅरिबियनपर्यंत पोचली, पुढे फ्लोरिडालाही. बहुधा जहाजांबरोबर. एक अर्धुकं पोचलं तरी पुरे. नेरूळच्या जेट्टीवर संध्याकाळी उभं राहिलं की पलीकडे न्हावा शेव्याच्या क्रेन दिसतात, रोज जगभरची जहाजं तिथे लागतात. मी आता त्यांच्याकडे पाहते तेव्हा पाण्याखालची त्यांची पोटं डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांना काय काय धरून बसलं असेल याचा विचार येतो.

मधे एकदा ठाण्याच्या बाजारात पूजासाहित्याच्या एका दुकानात गेले. दुकानदार चाळिशीचा, बोलायला अगदी गोड. इंद्रजाल आहे का विचारलं तर त्यानं आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन नग आणले. कागद सोडवताना काळी भुकटी काउंटरवर पडली. मी एक नग उजेडात धरला. फांद्यांच्या बेचक्यांत आणखी तीन होते, त्यातला एक अर्धा तुटलेला. "हे काय आहे?" मी विचारलं. "कीड असते ती, ताई. काळजी करू नका, ब्रशनं साफ करून वर थोडं तेल लावून देतो, एकदम चकाकतं." त्यानं ब्रश काढलासुद्धा. मी त्याला सांगितलं की हे झाड नाही, आणि ही कीडही नाही, आणि हे विकणं कायद्यानं बंद आहे. तो रागावला नाही. मुळीच माहीत नसल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आम्हाला तर मूळ म्हणूनच येतं." दोन्ही नग त्यानं पुन्हा कागदात गुंडाळले आणि आत नेले. नंतर त्यानं काय केलं मला ठाऊक नाही. मी वनखात्याच्या मदतक्रमांकावर कळवलं. कळवताना त्याचा चेहरा सारखा आठवत होता, आणि ते तीन जीवही. दोन्ही आठवत असूनच मी कळवलं.

ताईशी बोलायला मला जास्त वेळ लागला. फोनवर नको म्हणून खारघरला गेले. चहा झाला, भावोजी औषध घेऊन आत झोपले, मावशी गॅलरीत तुळशीपाशी. मग मी मोबाइलवर फोटो मोठा करून तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हा कोळी आहे का गं?"

"नाही. ताऱ्यासारखा असतो. तारामाशाचा नातेवाईक. तो त्याच्यावर राहत होता."

"म्हणजे हे झाड..."

"तेही प्राणीच होतं, ताई."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मी या घरासाठी नाही घेतलं. यांच्या ऑपरेशनच्या रात्री आयसीयूबाहेर बसले होते ना, तेव्हा शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवून मागवलं. हे बरे झाले." मी तिचा हात धरून बसले. तिला त्या रात्री काहीतरी धरायला हवं होतं आणि जे मिळालं ते तिनं धरलं. त्याबद्दल मला तिला एक शब्दही सुनवायचा नव्हता. त्याच वेळी, मागणी आहे म्हणून कुठेतरी एक जाळं तळावरून ओढलं जातं, हेही तितकंच खरं होतं आणि ते न सांगता उठणं मला जमलं नसतं. मी सांगितलं. कायद्याचंही सांगितलं, की घरात ठेवणं हाही गुन्हा ठरतो. ती घाबरली. मग जरा चिडलीही, "तू आधी दारातच का नाही बोललीस" म्हणाली. मावशी गॅलरीतून आत आली, सगळं ऐकलेलं होतं तिनं. "गणपतीबरोबर सोडून द्या समुद्रात," ती म्हणाली. ताईला ते पटलं, मला पटलं नाही. मला वाटतं ते वनखात्याकडेच जावं, ताऱ्यासकट, ब्रश न लागता. कुणीतरी जाणत्यानं भिंगाखाली धरून त्याची जात ओळखावी, कुठल्या समुद्रातून तो आला हे शोधावं. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. कुणाकडे आणि कसं जमा केलं म्हणजे ताईला त्रास होणार नाही, हे आधी एका वकील मैत्रिणीला विचारते आहे.

भाची या सगळ्या वेळात माझा मोबाइल घेऊन बसली होती. ती आठवीत आहे, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आली आहे, त्यामुळे फ्लेमिंगोंबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. "मावशी, याला डोळे कुठे आहेत?" तिनं विचारलं. मी तिला सांगितलं की डोळे नाहीत, पण त्यांच्यातल्या काहींना दिसतं. कॅरिबियनमधला एक भंगुरतारा दिवसा गडद आणि रात्री फिकट होतो. २००१ साली शास्त्रज्ञांना वाटलं की त्याच्या बाहूंवरचे चुनखडीचे बारीक उंचवटे भिंगांचं काम करतात, आणि ही कल्पना सगळीकडे गाजली. २०१८ मध्ये दुसऱ्यांनी पाहिलं तर प्रकाश ओळखणाऱ्या हजारो पेशी त्या उंचवट्यांच्या मधे मधे, कातडीभर पसरलेल्या होत्या. भिंगांची गरजच नव्हती. २०२० मध्ये आणखी कळलं की दिवसा कातडीतला गडद रंग पसरलेला असतो तेव्हाच त्याला अंधारी जागा कुठे आहे ते दिसतं, रात्री फिकट झाला की नाही. भाचीनं हे सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "दोन तुकडे झाल्यावर जुना कुठला आणि नवा कुठला?" मी म्हटलं, दोघांनाही निम्मं जुनं मिळतं. तिला हे उत्तर अपुरं वाटलं, आणि खरं म्हणजे मलाही वाटतं.

आमच्या ठाण्याच्या खाडीत तिला प्रवाळ दाखवता येणार नाही, तिथला गाळ त्यांना सोसत नाही. पण मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर आहेत. हाजी अली, वरळी. सागरी रस्त्याच्या कामाआधी तिथल्या काही प्रवाळांचं स्थलांतर करावं लागलं तेव्हा कुठे अनेकांना कळलं की या शहराला प्रवाळं आहेत. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला लोकांना किनारा दाखवायला नेतात. अशाच एका खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीच्या डबक्यात, मी पहिल्यांदा जिवंत भंगुरतारा पाहिला होता. दगडाच्या कडेखालून आलेला एकच हात, पाण्याची चव घेत असल्यासारखा हलणारा. मी सावली पाडली तसा तो आत गेला. बरणीतल्या तुकड्यांनंतर ती हालचाल पाहणं हे मला आजवर झालेल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

भाचीला तिथे न्यायचं ठरलं आहे. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे खारघरहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडायला हवी. तिनं कोष्टकातून तारखा काढल्या आहेत. जुने बूट घालायचे, कारण कालवांनी पाय कापतात. टोपलीत, पिशवीत, खिशात काही भरायचं नाही. दगड उचललाच तर त्याची खालची बाजू खालीच राहील असा, होता त्याच जागी ठेवायचा. हे सगळं मी तिला सांगून टाकलं आहे. मावशीही येते म्हणते. तिचे गुडघे खडकांवर चालणार नाहीत, ती कठड्यावर बसेल. तिच्यासाठी थर्मासमध्ये चहा घ्यायचा आहे.